नॉर्वेतून आलेली केसाळ सी स्लग: नाव कशावरून ठरवायचं?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. पोरगा निपाणीचा, बेळगावात बीएस्सी झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. थोरला भाऊ नॉर्वेत बर्गनकडं सॅमन फार्मवर कामाला आहे. तिथं पिंजऱ्याच्या दोरावर सी ॲनिमोन (फुलासारखे दिसणारे, एका जागी चिकटून राहणारे समुद्री प्राणी) वाढलेत, त्यांच्यात त्याला बोटाएवढी करडी, बिनशंखाची, पाठीवर दाट केसासारखं काहीतरी असलेली गोगलगाय सापडली. त्यानं तीन फोटो काढले, एक नग स्पिरिटच्या बाटलीत टाकला, दिवाळीला येताना घेऊन येतो म्हणालाय. फोटोवरून प्राण्याचं नाव सुचवणारं ॲप म्हणतंय एओलिडिया पॅपिलोसा. कुणीतरी खाली लिहिलं की नाही, ही एओलिडिएला ग्लॉका. आता हा विचारालाय, सर, दोन्हीतलं खरं कुठलं, आणि प्रोजेक्टमध्ये ॲपनं दिलेलं नाव लिहिलं तर चालेल काय.

तू सर म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

ॲपचं नाव लिहायला माझी ना नाही, पण व्हायव्हाला बाहेरून आलेले सर नाव विचारून थांबणार नाहीत, ते म्हणणार 'कशावरून?' आणि तिथं तू ॲप म्हणालास की विषय संपला. तेव्हा तुला नावापेक्षा कारणं जास्त लागणार आहेत. ती कारणं फोटोत किती दिसतात, बाटलीतल्या नगात किती उरलीत आणि भावाच्या आठवणीत किती आहेत, या तीन ठिकाणांहून ती गोळा करायची, मग नाव कुठल्या पातळीपर्यंत झेपतं ते बघायचं. कधी स्पीशीजपर्यंत जाता येतं, कधी जीनसवर, म्हणजे स्पीशीजच्या वरच्या पातळीवर, थांबावं लागतं, आणि थांबण्यात कमीपणा काही नाही.

मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, कारवार आणि मालवणच्या खडकांवर ओहोटीला पोरांना घेऊन फिरलो, मधला काही काळ स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर काम करायला मिळालं तिथं ही थंड पाण्यातली मंडळी भरपूर हाताळली. त्यामुळं जे सांगतोय ते टेबलावर बघितलेलं आहे, तरी फोटोवरून बोलतोय हे ध्यानात ठेव.

आता शरीररचना. तू सेकंड इयरला पायला, म्हणजे गोड्या पाण्यातली शंखाची गोगलगाय, कापलेली असणार किंवा निदान चार्टवर तरी बघितली असणार, खानापूरकडं भाताच्या खाचरात पावसाळ्यात सापडते तीच. ती डोळ्यासमोर ठेव. पायलाला शंख आहे, झाकण आहे, एक गिल आहे, वर हवा घ्यायला फुफ्फुसाची पिशवी आहे, नर-मादी वेगळे. आणि टॉर्शन, म्हणजे आतला सगळा अवयवांचा गठ्ठा वाढीच्या काळात १८० अंशात फिरलेला, त्यामुळं गुदद्वार डोक्याच्या वर पुढं आलेलं. तुझ्या ह्या गोगलगायीचं पिल्लू, म्हणजे व्हेलिजर लार्व्हा, पाण्यात पोहत असतं तेव्हा त्यालाही बारीक शंख आणि झाकण असतं. तळाला बसून रूप बदललं की ते शंख टाकून देतं, आणि फिरलेला गठ्ठा बराचसा परत सुटतो, त्याला डीटॉर्शन म्हणतात. म्हणून मोठी झालेली न्यूडिब्रँक, म्हणजे असली बिनशंखाची समुद्री गोगलगाय, बाहेरून सरळ, दोन्ही बाजू सारख्या दिसते. पण फसू नकोस, जुनी खूण उरतेच, गुदद्वार आणि जननेंद्रियाची तोंडं उजव्या बाजूलाच असतात. नग आला की उजवी बाजू लेन्सखाली बघ, एवढी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यानं बघितलीस तरी अर्धा गॅस्ट्रोपोडा, म्हणजे गोगलगायींचा वर्ग, कळतो. शिवाय हे सगळे उभयलिंगी, प्रत्येकात दोन्ही.

पाठीवरचे ते 'केस' म्हणजे केस नव्हेत. त्यांना सेराटा म्हणतात. प्रत्येक सेराटा ही आतून पोकळ त्वचेची बोटासारखी वाढ, आणि तिच्यात पचनग्रंथीची एक फांदी थेट टोकापर्यंत गेलेली असते. म्हणजे तू वरून जो रंग बघतोस तो बराचसा आत गेलेल्या खाण्याचा रंग. वेगळी गिल नाही, श्वास सगळा ह्या सेराटातून आणि बाकीच्या कातडीतून. इथंच रंगावर नाव ठरवायची मोठी अडचण आहे. तपकिरी ॲनिमोन खाल्लेली तपकिरी, पांढरा खाल्लेली फिकट, नारिंगी खाल्लेली नारिंगी. पॅपिलोसा करडी, जांभळट, नारिंगी, जवळजवळ पांढरी, सगळ्या रंगात सापडते. त्यामुळं 'करडी आहे म्हणून पॅपिलोसा' असं कुणी लिहिलं असेल तर ते कारण धरू नकोस.

मग काय धरायचं? मी स्वतः ज्या क्रमानं बघतो तसं सांगतो.

पहिल्यांदा आकार आणि बांधा. एओलिडिया पॅपिलोसा ह्या गटात दांडगी, १२ सेंटिमीटरपर्यंत वाढते, अंग रुंद आणि जरा चपटं. एओलिडिएला ग्लॉका त्यामानानं लहान, साधारण चार-साडेचार सेंटिमीटरला थांबते, आणि सडपातळ. भाऊ बोटाएवढी म्हणालाय, पण कुठल्या बोटाएवढी, आणि चालताना लांब झालेली की गोळा झालेली? ही जनावरं ताणून दुप्पट दिसतात. दुसऱ्या फोटोत बादलीची कडा दिसते, तिच्यावरून मला सात-आठ सेंटिमीटर वाटालंय. ते खरं असेल तर ग्लॉका तिथंच बाजूला पडते. भावाला बादली मोजून सांगायला लाव, फुकटचं काम आहे.

मग डोकं. डोक्यावर दोन जोड्या असतात, पुढची तोंडाजवळची ओरल टेंटॅकल्स, मागची उभी ती ऱ्हायनोफोर, म्हणजे पाण्यातला वास घ्यायचं इंद्रिय. ऱ्हायनोफोरच्या बुडाशी कातडीखाली बारीक काळे ठिपके दिसले तर ते डोळे, त्यांना उजेड-अंधारापलीकडं फारसं दिसत नाही. ऱ्हायनोफोरचा पृष्ठभाग फार महत्त्वाचा. पॅपिलोसाचे टोकाकडं निमुळते, गुळगुळीत किंवा थोडे खरबरीत, पण त्यांच्यावर एकावर एक आडव्या कड्या चढवल्यासारख्या नसतात. कड्या स्पष्ट दिसल्या तर तू वेगळ्याच घरात आलास, फॅसेलिना वगैरे. तुझ्या दुसऱ्या फोटोत डावा ऱ्हायनोफोर बऱ्यापैकी फोकसमध्ये आहे आणि त्याला कड्या नाहीत. आणि त्याच्या पुढं, ऱ्हायनोफोरपासून ओरल टेंटॅकल्सकडं उतरलेला पांढरा त्रिकोणी पट्टा आहे, तो मला पॅपिलोसाकडं सगळ्यात जास्त ओढतो. तू त्याला उजेडाची चमक समजला असशील, पण तिसऱ्या फोटोत कोन बदललाय तरी तो तिथंच आहे, चमक असती तर सरकली असती.

मग पाठ. पॅपिलोसाच्या सेराटा दाट, जराशा चपट्या, दोन्ही अंगाला आडव्या ओळींनी लावलेल्या, पण पाठीच्या मधोमध, विशेषतः पुढच्या भागात, टक्कल असतं. वरून घेतलेला फोटो ह्याच्यासाठी लागतो. तुझा पहिला फोटो वरूनच आहे, पण तो पाण्याबाहेरचा आहे. पाण्याबाहेर काढली की सेराटा सगळ्या अंगाला चिकटतात आणि जनावराचा ओला लगदा होतो, त्यात टक्कलही दिसत नाही आणि डोकंही कळत नाही. त्या फोटोवरून कुणीही काहीही नाव दिलं तरी मी मानणार नाही, ॲपनं दिलं तरी. एओलिडिएलात दुसरी एक अल्डेरी म्हणून आहे, तिच्या मानेमागं आखूड पांढऱ्या सेराटांची कॉलरसारखी ओळ असते, ती तुझ्या फोटोत नाही.

आता खाणं, आणि इथं जरा थांबतो कारण मला हा भाग सगळ्यात आवडतो. भाऊ म्हणतो ॲनिमोनमध्ये सापडली. एकट्या एवढ्या माहितीवर निम्मे उमेदवार गळतात, कारण एओलिड, म्हणजे पाठीवर सेराटा असलेल्या ह्या गटातले पुष्कळजण हायड्रॉइड (ॲनिमोनचे बारीक, झुडपासारखे वाढणारे नातेवाईक) खातात, सॅमनच्या जाळ्यावर जी गुलाबी हायड्रॉइडची शेवाळासारखी वाढ होते तिच्यावरही असले छोटे स्लग बसलेले असतात. ॲनिमोन खाणारी घराणी मोजकी, त्यात एओलिडिया आणि एओलिडिएला दोन्ही येतात. म्हणजे खाण्यावरून ह्या दोघांत फरक होत नाही, पण बाकीच्यांना बाहेर काढता येतं. फोटोत मागं जो ॲनिमोन आहे, उंच देठाचा आणि वर बारीक पिसाऱ्यासारखे असंख्य टेंटॅकल्स, तो मेट्रिडियम सेनाइल दिसतोय, धक्क्याच्या खांबांवर, दोरांवर थंड समुद्रात भरपूर वाढतो, आणि पॅपिलोसाचं हे नेहमीचं खाणं.

आता ॲनिमोनला डंख मारणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यात नेमॅटोसिस्ट नावाच्या डंखाच्या कुप्या, त्या छोट्या माशालाही लोळवतात. ही गोगलगाय ते खाते कशी? तिच्या अंगावरच्या चिकट स्रावात असं काही असतं की नेमॅटोसिस्ट सुटतच नाहीत, निदान कमी सुटतात. २००४ मध्ये ह्यावर प्रयोग छापून आलेत, त्यात असं दिसलं की खाण्यातला ॲनिमोन बदलला की काही दिवसांत स्रावाचा गुणही त्या नव्या ॲनिमोनला धरून बदलतो. त्यात अन्नमार्गाच्या आतल्या पेशीत कायटिनचं संरक्षण. आणि कडी म्हणजे सगळे नेमॅटोसिस्ट पचवत नाही, काही न फुटलेले, अजून पक्के न झालेले असे पचनग्रंथीच्या फांदीतून वर सेराटाच्या टोकाला पोचवते, तिथं निडोसॅक नावाची पिशवी असते तिच्यात साठवते, तिथं ते पक्के होतात, आणि मासा चावायला आला की शत्रूचंच हत्यार चालवते. सेराटा तुटून पडली तरी परत उगवते. म्हणून भावाला सांग, मेलेली असो की जिवंत, हाताळून झाल्यावर तेच हात डोळ्याला लावू नको. बोटाला सहसा काही होत नाही.

आणखी एक किस्सा, हा पॅसिफिक बाजूचा, कॅलिफोर्नियाचा. तिथला अँथोप्ल्यूरा एलेगंटिसिमा नावाचा ॲनिमोन जखमी झाला की अँथोप्ल्यूरिन नावाचं द्रव्य सोडतो आणि शेजारचे ॲनिमोन आक्रसून घेतात. ते १९७५ मध्ये ओळखलं गेलं. पुढं असं दिसलं की पॅपिलोसा तो ॲनिमोन खाऊन गेली तरी तिच्या अंगात ते द्रव्य काही दिवस राहतं आणि ती जिथं जाईल तिथं आधीच खबर पोचते. म्हणजे चोरानं पायात घुंगरू बांधून फिरावं तसं. तुझ्या प्रोजेक्टच्या डिस्कशनला हे टाक, पण नॉर्वेच्या नगाला हे लागू आहे असं लिहू नकोस, तिथला ॲनिमोन वेगळा.

अंडी दिसली काय हेही विचार. पॅपिलोसा बारीक दोरा नागमोडी वळवत पांढरट किंवा गुलाबी गुंडाळी घालते, एकेका गुंडाळीत हजारो अंडी. त्याच दोरावर, ॲनिमोनच्या आसपास मिळते. ग्लॉकाबद्दल एक मजेची गोष्ट, मीलनात ती स्पर्मची पुडी जोडीदाराच्या पाठीवर बाहेरच चिकटवते, स्वीडनच्या किनाऱ्यावर ह्याचा चांगला अभ्यास झालाय. सीझनमध्ये सेराटांमध्ये पांढरं वळसेदार काहीतरी चिकटलेलं दिसलं तर ती एक खूण, पण दिसलं नाही म्हणून ग्लॉका नाही असं म्हणता येत नाही.

इथपर्यंतचं धरून माझं मत असं: आकार, कड्या नसलेले ऱ्हायनोफोर, पांढरा त्रिकोण आणि मेट्रिडियम, चारही एकाच बाजूला झुकतात, जीनस एओलिडिया म्हणायला मला अडचण वाटत नाही.

स्पीशीजचं मात्र जरा नाजूक आहे. पॅपिलोसा हे नाव लिनियसनं १७६१ मध्ये दिलं, आणि नंतर अडीचशे वर्षं उत्तर अटलांटिक काय, पॅसिफिक काय, जिथं जिथं असली करडी केसाळ गोगलगाय मिळाली तिथं लोकांनी तेच नाव चिकटवलं. २०१६ मध्ये डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून एक मोठा पेपर आला, त्यात ह्या एका नावाखाली लपलेल्या वेगळ्या स्पीशीज बाहेर काढल्या, युरोपकडची एओलिडिया फिलोमेनी आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची एओलिडिया लुई. पॅपिलोसा उरलीच, पण तिचा पसारा आवरला. म्हणजे २०१६ च्या आधीचं पुस्तक लायब्ररीतून काढून त्यातल्या वर्णनाशी जुळवलंस तर त्या वर्णनात दोन-तीन प्राणी मिसळलेले असू शकतात. ॲपच्या मागं जे फोटो शिकवलेले असतात त्यातही जुन्या नावानं चढवलेले असणारच. त्यामुळं मी तुझ्या जागी असतो तर शीर्षकात 'एओलिडिया, बहुधा पॅपिलोसा' असं लिहिलं असतं आणि आत त्रिकोणी पट्ट्याचं कारण दिलं असतं. पूर्ण खात्री पाहिजे तर सीओआय जनुकाचं (स्पीशीज ओळखायला डीएनएचा जो तुकडा वाचतात त्याचं) सीक्वेन्सिंग, ते तुझ्या प्रोजेक्टच्या बजेटबाहेरचं आहे, आणि नगही त्यासाठी नीट ठेवलेला पाहिजे.

नगाकडं येतो. भावानं जिवंत जनावर सरळ स्पिरिटमध्ये टाकलं, त्याला बोलू नकोस, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याचा परिणाम काय होणार ते ऐकून ठेव. एकदम स्पिरिटमध्ये गेलेली एओलिड आक्रसून गोळा होते, ऱ्हायनोफोर आखडून घेते, पुष्कळ सेराटा झटकून टाकते आणि रंग तर काही दिवसांत उडतो, पांढरा त्रिकोण शोधून सापडणार नाही. बाटली उघडलीस की तळाला सुट्ट्या सेराटांचा गाळ असेल, तो फेकू नकोस, निडोसॅकचा स्लाइड त्यातूनच करायचा. पुढच्या वेळी आधी सुन्न करायचं, मॅग्नेशियम क्लोराइडचं साधारण ७ टक्क्याचं द्रावण गोड्या पाण्यात करून ते समुद्राच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळायचं, त्यात हळूहळू ठेवायचं, टोचलं तरी हलत नाही असं झालं की मग पुढं. डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोल, नुसती शरीररचना बघायची तर फॉर्मेलिन, फॉर्मेलिनमधल्या नगातून डीएनए काढणं म्हणजे डोकेदुखी. आणि कडक अल्कोहोलची बाटली तशीच बॅगेत कोंबून विमानतळावर जाऊ देऊ नकोस, एअरलाइनला आधी विचारायला सांग, नाहीतर तिथल्या तिथं काढून घेतील आणि तुझा प्रोजेक्ट तिकडंच राहील.

आक्रसलेला असला तरी त्या नगात एक गोष्ट शाबूत असते, ती म्हणजे रॅड्युला, दातांची पट्टी. तेवढ्यावर एओलिडिया की एओलिडिएला हा वाद मिटतो, आणि हे काम तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये होतं, कंपाउंड मायक्रोस्कोप पुरे. तोंडाच्या मागचा घट्ट गोळा, बकल मास, सुईनं आणि चिमट्यानं वेगळा काढ. छोट्या काचेच्या वाटीत १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेव, मांस विरघळतं, कायटिनचे जबडे आणि दात राहतात. घाई असली तर वाटी किंचित कोमट कर, उकळू नको. गॉगल घाल, लॅबमधल्या शिपाईमामांना सांगून ठेव, रात्रभर ठेवलेली वाटी कुणीतरी धुऊन टाकतं हे प्रत्येक कॉलेजात घडतं. मग दोन-तीनदा डिस्टिल्ड पाण्यानं धू, स्लाइडवर ग्लिसरीनच्या थेंबात पसर, कव्हरस्लिप.

पायलाच्या रॅड्युलाचं सूत्र तुला पाठ असणार, २-१-१-१-२, एका आडव्या ओळीत सात दात. इथं तुला ओळीत एकच दात दिसेल, रुंद, आणि त्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते. ॲनिमोनचं मऊ मांस कापून काढायला एवढं बास. आता नीट बघायचं ते हे: दाताची कड एकसलग कमान आहे, की मधोमध खाच पडून दोन लोब झालेत? एकसलग असली तर एओलिडिया, मधोमध खाच असली तर एओलिडिएला. हा फोटो काढून प्रोजेक्टला लाव, मोबाइल आयपीसला टेकवून काढलास तरी चालतो, स्केल मात्र टाक. ॲपवाला आणि ग्लॉकावाला दोघंही त्या फोटोपुढं गप्प बसतील. फिलोमेनी आणि पॅपिलोसा वेगळं करायला मात्र एवढ्यावर जाऊ नकोस, तिथं जिवंतपणीचा फोटो आणि डीएनए लागतात.

तू शेवटी विचारलंस की आपल्या कारवारला किंवा मालवणला ही मिळेल काय. नाही मिळणार, ही थंड पाण्याची. आपल्याकडं केसाळ एओलिड भरपूर आहेत, पण त्या उष्ण समुद्रातल्या वेगळ्या, पुष्कळशा करंगळीच्या नखाएवढ्या. कधी मालवणच्या फोटोवर ॲपनं पॅपिलोसा सुचवलं तर सरळ पुढं जा. आंबोलीमार्गे सावंतवाडी, तिथून मालवण, एक दिवसाची ट्रिप होते, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला जा, दगड उलटलास तर परत तसाच ठेव, त्याच्याखाली राहणारे मरतात नाहीतर. तुझ्या प्रोजेक्टला तुलनेसाठी तिथली एक जिवंत एओलिड काचेच्या वाटीत बघितलीस तर नॉर्वेच्या आक्रसलेल्या गोळ्यात काय कुठं होतं ते लगेच कळेल.

भावाला आता एवढं सांग. पुढच्या वेळी दिसली की पाण्यात, पांढऱ्या डब्यात ठेवून फोटो काढ, डब्यात मोजपट्टी टाक. एक वरून, एक उजव्या बाजूनं, एक अगदी डोक्याचा, एक पायाचा, तिला काचेवर चढवून आणि काच उचलून खालून घेतलेला, एक जिथं होती त्या ॲनिमोनचा. ती लांब पसरून चालायला लागेपर्यंत थांब. तारीख, किती खोलीवरचा दोर आणि पाण्याचं तापमान लिहून ठेव, फार्मवर तापमानाची नोंद असतेच. आणि आत्ताचे तीन फोटो मला व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीवरून टाकलेत असं दिसालंय, सगळे दाबून बारीक झालेत. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घे आणि इथंच टाक, डोक्याचा भाग मोठा करून बघतो.